वर्धेकाठचे बल्लारपूर

चंद्रपूरहून दक्षिणेला साधारण पंधरा किलोमीटरवर, वर्धा नदीच्या डाव्या तीराला बल्लारपूर वसले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका लहानशा तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. कारभार नगर परिषदेचा आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८९ हजारांच्या घरात. कचेरीचे काम, मोठा दवाखाना, महाविद्यालय, लग्नाचा बस्ता, या सगळ्यासाठी बल्लारपूरकर चंद्रपूरला जातो आणि संध्याकाळी घरी परततो. दोन्ही शहरे वाढत वाढत मधल्या विसापूरच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे सरकली आहेत. त्यामुळे नवख्या माणसाला बल्लारपूर हे चंद्रपूरचे उपनगर वाटते. व्यवहारापुरते ते खरेही आहे.

इतिहासात मात्र बल्लारपूर थोरले आहे. अमेरिकेत शिकागोसारख्या महानगराच्या भोवतीची कितीतरी उपनगरे रेल्वेच्या फाट्यांवर उगवली: आधी शहर, मग रूळ, मग उपनगर. इथे क्रम उलटा लागला. गोंड राजांची राजधानी आधी बल्लारपुरात होती, ती पुढे चंद्रपूरला गेली. मागे राहिलेल्या गावाला चारशे वर्षांहून अधिक काळानंतर कोळशाने आणि रेल्वेने पुन्हा हात दिला. आज देशभरातील प्रवाशांना हे ठिकाण ठाऊक आहे ते ‘बल्हारशाह’ या स्थानकाच्या पाटीमुळे. नगर परिषदेच्या दप्तरी बल्लारपूर, रेल्वेच्या वेळापत्रकात बल्हारशाह आणि बोलण्यात नुसते बल्लारशा, अशी एकाच गावाची तीन रूपे चालतात. आरक्षण करताना पहिले नाव टाकले की गाडी सापडत नाही, एवढेच बाहेरच्यांनी ध्यानात ठेवायचे.

नदी, कोळसा आणि जंगल

बल्लारपूरची भूमी समजून घ्यायची तर सुरुवात नदीपासून करावी लागते. सातपुड्यातून येणारी वर्धा इथवर पोचेपर्यंत चांगलीच रुंद झालेली असते. शहराच्या वरच्या अंगाला वढा या गावाजवळ तिला पैनगंगा मिळते आणि त्यानंतर हडस्तीपाशी चंद्रपूरहून आलेली इरई. तीन नद्यांचे पाणी एकत्र झाल्यावर ती बल्लारपूरच्या किल्ल्याला घासून आग्नेयेकडे वळते. पुढे काही अंतर तीच महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा होते, वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता या नावाने गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने जात सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते.

या संगमांचा परिणाम पावसाळ्यात दिसतो. वर्धेला पूर आला आणि खाली प्राणहिता-गोदावरीही फुगलेल्या असल्या की पाण्याला उतार मिळत नाही. मग इरईचे पाणी मागे रेटले जाते, काठची गावे वेढली जातात आणि बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरचा वर्धेचा पूल पाण्याखाली जातो. २०२२ च्या पावसाळ्यात हा मार्ग वारंवार बंद पडला होता. नदीपलीकडचे राजुरा, कोरपना आणि जिवती हे तालुके अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणापासून तुटतात. उन्हाळ्याचे टोक याच्या अगदी विरुद्ध. चंद्रपूर परिसराची गणना देशातील अतिउष्ण ठिकाणांत होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही इथे बातमी राहिलेली नाही.

नदीच्या दोन्ही काठांखाली कोळसा आहे. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे थर गोंडवन काळातील खडकांत सापडतात आणि ते उत्तरेला वरोऱ्यापासून दक्षिणेला राजुऱ्यापर्यंत कमीअधिक खोलीवर पसरलेले आहेत. नैर्ऋत्येला, राजुरा-कोरपन्याच्या बाजूला, चुनखडीचा दगड विपुल आहे. गडचांदूर, आवारपूर आणि उपरवाही येथील सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे राहिले. शहराच्या पूर्वेला मात्र लगेच जंगल सुरू होते. साग, बांबू, ऐन, बिजा, धावडा, मोह आणि तेंदू यांचे हे मिश्र पानगळी जंगल कोठारी, गोंडपिपरीवरून थेट गडचिरोलीच्या अहेरी-आलापल्लीपर्यंत तुटक तुटक का होईना, पण जात राहते. पश्चिमेला खाण, पूर्वेला वाघ आणि मधल्या अरुंद पट्टीत वस्ती, अशी या शहराची ठेवण आहे.

आणखी एक सीमा आता नकाशावरून पुसली गेली आहे. १९५६ पर्यंत राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे बल्लारपूरच्या घाटावर उभे राहिले की समोरचा काठ निजामाचा असे आणि अलीकडचा मध्य प्रांताचा. राज्य पुनर्रचनेनंतर राजुरा मराठी मुलखात आला आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. बल्लारपुरात मराठीच्या बरोबरीने तेलुगू आणि हिंदी सहज ऐकू येते, त्याचे अर्धे कारण ही शेजारची सीमा आणि उरलेले अर्धे कारण खाणी.

राजधानी आली आणि गेली

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची जुनी राजधानी सिरपूर, आजच्या तेलंगणात. तिथून ती बल्लारपूरला आली ती पंधराव्या शतकात, खांडक्या बल्लाळशहाच्या काळात. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते. सिरपूरची हवा मानवत नाही म्हणून राणीने जागा बदलण्याचा सल्ला दिला, असे परंपरा सांगते. वर्धेच्या पूर्व काठावर किल्ला बांधला गेला आणि त्याच्याभोवती बल्लारपूर वसले.

राजधानी इथे फार दिवस टिकली नाही. पुढची गोष्ट चंद्रपुरात आजही घरोघरी सांगतात. शिकारीला निघालेल्या राजाला तहान लागली. कोरड्या पडलेल्या झरपट नदीच्या पात्रातील एका खळग्यात त्याला पाणी सापडले. त्या पाण्याने हातपाय धुतल्यावर व्याधी उतरू लागली. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे एकदा त्याच परिसरात एक ससा राजाच्या कुत्र्याच्याच मागे धावताना दिसला. ज्या वाटेने ही धाव झाली त्या वाटेवर तट बांधावा, असे राणीने सुचवले आणि चांद्याचा परकोट आखला गेला. दंतकथा दंतकथेच्या जागी ठेवली तरी एवढे उरते की नव्या शहराची पायाभरणी बल्लारपूरहून झाली आणि त्या पायाभरणीने बल्लारपूरचे महत्त्व गेले.

किल्ल्याचे नाव इतिहासात पुन्हा येते ते गोंड सत्तेच्या शेवटी. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला आणि शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. ज्या किल्ल्याने राज्याला राजधानी दिली, तोच त्या घराण्याचा तुरुंग झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांदा जिंकला. त्यानंतर बल्लारपूर नदीकाठचे एक साधे गाव होऊन राहिले.

कोळशामागून आलेली आगगाडी

या भागात रेल्वे आली ती माणसांसाठी नव्हे, कोळशासाठी. १८७० च्या दशकात सरकारने वरोऱ्याला खाण सुरू केली आणि कोळसा बाहेर काढण्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरोऱ्याची खाण बंद पडली. तेव्हा बल्लारपूरला नवी खाण उघडली गेली आणि रूळही तिच्या मागोमाग चंद्रपूरमार्गे बल्लारपूरपर्यंत आले. मार्ग इथेच संपत होता. पुढे नदी आणि नदीपलीकडे निजामाचे राज्य.

हे शेवटचे स्थानक अखिल भारतीय मार्गावर आले ते १९२९ मध्ये. निजामाच्या रेल्वेने काझीपेठहून उत्तरेकडे रूळ टाकत आणले, वर्धेवर पूल बांधला आणि दोन्ही मार्ग बल्लारशाला जोडले. तोपर्यंत दिल्लीहून मद्रासला जाणाऱ्या प्रवाशाला मोठा वळसा पडत असे. या जोडमार्गाने देशाची उत्तर-दक्षिण रेषा पुरी झाली आणि त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस धावू लागली. आजही दिल्ली-चेन्नई, दिल्ली-हैदराबाद अशा बहुतेक मोठ्या गाड्या याच रुळांवरून जातात.

निजाम गेला, कंपन्या गेल्या, पण त्यांची हद्द रेल्वेच्या कारभारात तशीच राहिली. बल्लारशाच्या उत्तरेचा मार्ग मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचा आणि दक्षिणेचा दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागाचा. त्यामुळे बहुतेक गाड्या इथे थोड्या जास्त थांबतात: चालक आणि गार्ड बदलतात, डब्यांत पाणी भरले जाते आणि गाडी एका विभागाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाते. लांबच्या प्रवाशाला हा थांबा कंटाळवाणा वाटतो. बल्लारपूरकरांना त्याचा फायदाच झाला. एक लाखाच्या आतल्या वस्तीच्या शहराला एवढ्या गाड्यांचे थांबे महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी मिळाले असतील. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत एक्स्प्रेसही चंद्रपूर आणि बल्हारशाह या दोन्ही स्थानकांवर थांबते, अंतर जेमतेम चौदा किलोमीटरचे असूनही.

तिसरा मार्ग गोंदियाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया, वडसा, नागभीडवरून चांद्यापर्यंत अरुंद रुळांचा मार्ग आणला. जंगलातून हळूहळू जाणारी ती छोटी गाडी अनेकांच्या आठवणीत आहे. १९९० च्या दशकात या मार्गाचे रुंदीकरण झाले आणि बल्लारशा खऱ्या अर्थाने जंक्शन बनले. हा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या अखत्यारीत येतो. म्हणजे तीन रेल्वे इथे भेटतात. त्यांपैकी दोघींच्या विभागाचे नाव नागपूरच आहे, यामुळे होणारा गोंधळ वेगळाच. चंद्रपुरातही याच कारणाने दोन स्थानके आहेत: मुख्य मार्गावरचे चंद्रपूर आणि गोंदिया मार्गावरचे चांदा फोर्ट. एका ठिकाणची गाडी दुसऱ्या ठिकाणी शोधत फिरणारे पाहुणे दर हंगामात भेटतात.

गडचिरोली जिल्ह्याच्या दृष्टीने गोंदिया मार्गाचे मोल फार मोठे आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या विशाल जिल्ह्यात वर्षानुवर्षे रेल्वेचे एकच स्थानक होते, ते म्हणजे याच मार्गावरचे देसाईगंज-वडसा. वडशाहून गडचिरोली शहरापर्यंतच्या नव्या मार्गाचे काम आता हाती घेतले गेले आहे. गोंदिया-जबलपूर मार्गही रुंद झाल्यापासून उत्तर भारतातून दक्षिणेकडे जाणाऱ्या काही गाड्या इटारसीचा वळसा टाळून थेट बल्लारशाला उतरतात. ही वाहतूक एकेरी रुळांना झेपेना, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोंदिया-बल्हारशाह या २४० किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. खर्च ४,८१९ कोटी रुपये धरला आहे.

या प्रकल्पाचा दुसरा पदरही सांगितला पाहिजे. हा मार्ग ताडोबा व्याघ्र प्रकल्पापासून दक्षिणेकडे जाणारी वाघांची वाट कापतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोना जंगलात या मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. एका रुळाचे दोन रूळ होतील, गाड्या वाढतील आणि वेगही वाढेल. तेव्हा प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि कुंपण या गोष्टी नंतर पाहू म्हणून चालणार नाही. आराखड्यातच त्यांना जागा हवी.

स्थानकाची इमारत स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ झाली आहे. वाघ, हरणे, पक्षी, आदिवासी जीवन यांची चित्रे भिंतींवर रंगवून आणि शिल्पे उभारून बल्हारशाह आणि चंद्रपूर ही स्थानके सजवली गेली. रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत २०१८ मध्ये या दोघांना मिळून देशात पहिले पारितोषिक मिळाले. मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये याच स्थानकातील पादचारी पुलाचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले. भिंती रंगवण्यात दाखवलेली तत्परता जुन्या पुलाच्या देखभालीतही दिसायला हवी होती.

रस्त्यांचे काम थोडक्यात आटोपते. चंद्रपूरचा रस्ता विसापूरवरून येतो आणि शहर ओलांडून बामणीला पोचतो. तिथे फाटे फुटतात. उजवीकडचा वर्धा ओलांडून राजुऱ्याला आणि पुढे तेलंगणात जातो, डावीकडचा कोठारी, गोंडपिपरी, आष्टीवरून अहेरी-आलापल्लीला. हा दुसरा रस्ता म्हणजे दक्षिण गडचिरोलीचा दरवाजाच. त्यावर एसटी, लाकडाचे ट्रक आणि आता गडचिरोलीतील सूरजागडचे लोहखनिज वाहणारे अवजड ट्रक, सगळेच एकमेकांना जागा देत-घेत चालतात. विमानासाठी नागपूर गाठावे लागते. रस्त्याने ते अंतर १६५ किलोमीटरच्या आसपास आहे.

कॉलरी, पेपर मिल, डेपो

बल्लारपुरात पत्ता सांगताना गल्लीच्या आधी विभाग सांगतात. कॉलरी, पेपर मिल, डेपो, बस्ती. शहर कसे वाढले, याचा इतिहास या नावांतच आला. बस्ती म्हणजे किल्ल्याभोवतीचे जुने गाव. बाकीचे तिन्ही भाग विसाव्या शतकाची देणगी.

कॉलरी अर्थात सर्वांत जुनी. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. आता त्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या ताब्यात आहेत आणि ‘बल्लारपूर क्षेत्र’ या नावाखाली नदीपलीकडच्या सास्ती, पवनी, गौरी इथल्या खाणीही येतात. बल्लारपूरची मूळ खाण भूमिगत, तर सास्तीकडे उघड्या खाणींचे प्रचंड खड्डे आणि त्यांच्या मातीचे कृत्रिम डोंगर. या खाणींवर कामाला आंध्र-तेलंगण, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहार इथून माणसे आली आणि स्थायिक झाली.

पेपर मिल आली १९४५ मध्ये. उद्योगपती करमचंद थापर यांनी ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉबोर्ड मिल्स’ ही कंपनी काढली. तीच पुढे १९७५ मध्ये ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ झाली. कागदासाठी तीन गोष्टी लागतात: लगदा करण्याजोगा तंतू, भरपूर पाणी आणि जळण. बांबू गडचिरोलीच्या जंगलात, पाणी वर्धेत आणि कोळसा पायाखाली. वर माल न्यायला रेल्वे. याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. याच लोहमार्गावर पलीकडे निजामाच्या मुलखात सिरपूर-कागजनगरची गिरणी १९३८ मध्ये निघाली होती, तीही याच हिशेबाने. पुढची कित्येक वर्षे देशातील वह्या-पुस्तकांच्या कागदाचा मोठा वाटा बल्लारपूरने पुरवला. शहराचे नाव कंपनीबरोबर शेअर बाजारातही पोचले.

ही सोय कोणाच्या पदरचे घेऊन झाली, हा प्रश्न जंगलातील गावांनी विचारला. बांबू सरकारचा समजून तो गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी स्वस्तात दिला जाई. ज्या गावांच्या शिवारात तो वाढे, त्यांच्या वाट्याला फक्त तोडणीची मजुरी. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने त्याविरुद्ध ग्रामसभेतून लढा दिला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्यानंतर अनेक ग्रामसभांनी आपला बांबू स्वतः लिलावात विकला. कागद गिरण्यांना शेतात वाढवलेल्या सुबाभूळ-निलगिरीकडे वळावे लागले. या बदलाबरोबर कर्जाचा बोजाही वाढत गेला आणि २०२० मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. शहराला याचे चटके बसले. तरीही बांबूचा भाव ग्रामसभेने ठरवणे हाच जास्त न्याय्य व्यवहार होता, असे म्हणावे लागते.

डेपो म्हणजे लाकडाचा. चांदा जिल्ह्याचे सागवान व्यापारात सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) टीक म्हणून ओळखले जाते. बारीक रेषा, सोनेरी तपकिरी रंग आणि अंगचे तेल यांमुळे त्याला मागणी असते. पावसा-उन्हात ते फारसे वाकत नाही, वाळवीही सहसा लागत नाही. आलापल्ली, अहेरी, मार्कंडा, कोठारीकडील जंगलांत तोडलेले लाकूड बल्लारशाला आणले जाते. पूर्वी दाट जंगलातून ओंडके ओढायला हत्ती असत. सिरोंचा वनविभागातील कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्याच कामाची आठवण. डेपोत आले की प्रत्येक नगाची लांबी आणि गोलाई मोजतात, त्यावर हातोड्याने शिक्का आणि क्रमांक मारतात, प्रतीनुसार थप्प्या लावतात आणि लॉट पाडून लिलाव करतात. परवान्याशिवाय एक फळीही फाटकाबाहेर पडत नाही. वन विभागाबरोबर १९७४ मध्ये स्थापन झालेले वनविकास महामंडळही इथे विक्री करते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीचे सागवान मार्च २०२३ मध्ये इथूनच काष्ठपूजन करून मिरवणुकीने रवाना झाले. शहराने तो दिवस सणासारखा साजरा केला.

पाहण्याजोगे

बल्लारपूरचा किल्ला भुईकोट आहे. दगडी तट आणि बुरूज अजून उभे आहेत. एकमेकांना काटकोनात असलेले दोन दरवाजे लागोपाठ लागतात. पहिल्यातून आत घुसलेल्या शत्रूला लगेच वळावे लागे आणि वरून मारा करता येई. नदीच्या बाजूला एक छोटा दरवाजा आहे. आतील वाडे-महाल पडून गेले आहेत, त्यामुळे राजवैभव पाहायला येणाऱ्याची निराशा होते. तटावरून दिसणारे वर्धेचे पात्र ती बरीचशी भरून काढते. झुडपे वाढलेली, फलक अपुरे आणि कचरा भरपूर ही अवस्था मात्र शहराला शोभणारी नाही. चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून परकोटाची स्वच्छता करून दाखवली. तसे हात इथेही लागले तर किल्ला पुन्हा बघण्यालायक व्हायला वेळ लागणार नाही. गावाजवळ गोंड राजाची समाधी आहे आणि वर्धेच्या पात्रात खडकात कोरलेले देऊळ. ते पावसाळ्याचे काही महिने पाण्याखाली जाते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरनेही त्याची नोंद घेतली होती. पाणी उतरल्यावरच आणि स्थानिक माणसाला बरोबर घेऊनच तिकडे जावे.

चंद्रपूर रस्त्यावर विसापूरच्या आसपास गेल्या काही वर्षांत बरेच नवे उभे राहिले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली सैनिकी शाळा, अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचे वनस्पती उद्यान आणि तालुका क्रीडा संकुल. या संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. मुले बरोबर असतील तर उद्यानाला अर्धा दिवस सहज जातो. पूर्वेकडे जंगलात जुनोन्याचा गोंडकालीन तलाव आणि त्याच्या काठचे जुने बांधकाम आहे. कारवा भागात वन विभागाने सफारीची सोय केली आहे. ताडोब्याच्या मानाने गर्दी कमी, म्हणून पक्षी पाहणाऱ्यांना हा भाग जास्त आवडावा.

चंद्रपूर शहर वेगळा दिवस मागते: जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर आणि बिनबा हे चार दरवाजे, अचलेश्वर मंदिर, राणी हिराईने बांधलेली गोंड राजा बीरशहाची समाधी आणि महाकाली मंदिर. चैत्रातील महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून भाविकांचे जथे येतात आणि त्या दिवसांत गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे मोहर्ली प्रवेशद्वार बल्लारपूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने. दक्षिणेला आलापल्लीचे वनवैभव सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. उंचच उंच सागांचे हे राखलेले जंगल २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले. डेपोत ओंडका पाहिलेल्याने उभे झाड पाहायला तिथे जावेच.

या भागात येण्याचा योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त असते, पण मे महिन्यातील ऊन सोसेल त्यानेच तो बेत करावा. मुंबई-पुण्याहून थेट गाडी मिळाली नाही तर वर्धा, सेवाग्राम किंवा नागपूरला उतरून दक्षिणेकडे जाणारी कोणतीही गाडी पकडता येते. राजुऱ्याकडे जायचे असेल तर पावसाळ्यात पुलाची चौकशी आधी करावी. ताडोब्याची सफारी दर मंगळवारी बंद असते आणि गाभा क्षेत्र पावसाळ्यात मिटलेले असते. तेव्हा तिकिटे काढण्याआधी वार आणि महिना पाहून घ्यावा.